पणदऱ्याचं पाणी वरकुट्यात

बारामतीत भिगवण रस्त्याच्या आतल्या बाजूला मोटर रिवाइंडिंगची चार-पाच दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी दत्तोबालाच विचारतं. दत्तोबा दारातच फतकल मारून जळक्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसत असतो. तो मान वर करत नाही, नुसता अंगठा मागं दाखवतो. म्हणजे, आत जा, बाईला विचार.

आत रतन बसलेली असते. वय सेहेचाळीस, डोळ्यांवर जाड काचेचा चष्मा, पदर कमरेला खोचलेला. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात दोनच मुली होत्या, त्यातली ही एक. लग्न होऊन दुकानात आली तेव्हा सासऱ्यांनी तिला कॉइल भरायला बसवलं, कारण वेढे मोजताना ती कधी चुकत नसे. पंधरा वर्षं तिनं तांब्याच्या तारेचे वेढे मोजले. मग शेतातल्या मोटरींना मोबाइलवरून चालू-बंद होणारे स्टार्टर आले आणि ते जळून दुरुस्तीला यायला लागले. तिचा नवरा दत्तोबा म्हणाला, "हे आपलं काम न्हाय, परत पाठवून दे." रतननं परत पाठवलं नाही. तिनं एक उघडला. आत हिरवी पट्टी, तीवर मुंगीएवढे भाग, आणि मधोमध एक काळी चौकोनी चिप. सगळं काम म्हणे ह्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. लिहिलेलं असतं म्हणजे काय, कुणी लिहिलं, आपल्याला पुसून दुसरं लिहिता येईल का, हे प्रश्न तिच्या मागं लागले ते लागलेच.

त्या प्रश्नांच्या मागं जात जात तीन वर्षांत ती स्वतः डबे बनवायला लागली. डब्यात सिमकार्ड बसतं, शेतकऱ्यानं फोन केला की मोटर चालू होते, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते ठरवून देता येतं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मिळून असे चाळीसेक डबे तिनं बसवले. लोक त्याला 'रतनबाईंचा डबा' म्हणतात.

डबा बाहेरून सगळ्यांचा सारखा, पण आतला प्रोग्राम प्रत्येकाचा थोडा वेगळा. पणदऱ्याच्या बापूसाहेबांचा ऊस. त्यांना वीज आली की मोटर लगेच हवी. वरकुट्याच्या आबासाहेबांचं डाळिंब. त्यांना पाणी देणं जितकं महत्त्वाचं, तितकंच न देणंही. सुरुवातीला रतन प्रत्येकाच्या प्रोग्रामची नक्कल करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची. लॅपटॉप उघडला की 'पणदरे नवीन', 'पणदरे नवीन दोन', 'पणदरे हाच खरा' अशी फोल्डरांची रांग दिसायची. एका दिवाळीत तिच्या भावाची मुलगी निकिता घरी आली. ती पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिनं ती रांग पाहिली, कपाळाला हात लावला आणि आत्याच्या लॅपटॉपवर गिट नावाचं, प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं.

"आत्या, हे एक भांडार समज," तिनं सांगितलं होतं. "सगळ्यांना सारखं लागतं ते मुख्य खोडात. प्रत्येक गिऱ्हाइकाची त्यातून फुटलेली एक ब्रँच. तू काम केलंस की कमिट करायचं, म्हणजे भांडारात नोंद होते. पणदऱ्याचं काम करायचं असेल तर पणदऱ्याची ब्रँच घे, वरकुट्याचं असेल तर वरकुट्याची. फोल्डर एकच राहील. तू ब्रँच बदललीस की त्यातल्या फाइली आपोआप बदलतील."

रतननं दोनचार वेळा ब्रँच बदलून पाहिली. डोळ्यांदेखत फाइलीतल्या ओळी पालटायच्या. तिला ते फार आवडलं. ब्रँचला ती फांदी म्हणायची. वर्षभर सगळं सुरळीत चाललं.

मग गेल्या डिसेंबरात वरकुट्याला ते पाणी गेलं.

सोमवार होता. रतन बापूसाहेबांच्या प्रोग्रामवर काम करत होती. त्यांच्याकडं वीज सारखी ये-जा करत होती आणि आल्या आल्या मोटर सुरू झाली की विजेच्या कमी दाबानं तापत होती. म्हणून वीज आल्यावर डब्यानं दहा मिनिटं थांबावं आणि मग मोटर सुरू करावी, असं तिला लिहायचं होतं. पण दुकानात तपासताना दर वेळी दहा मिनिटं कोण थांबणार? तिनं तात्पुरती एक ओळ घातली: वीज आली की न थांबता सगळं उघड, कुलूपबिलूप बघू नको. कुलूप म्हणजे एखादा व्हॉल्व्ह उघडू न द्यायची सोय. तपासून झालं की ही ओळ काढायची होती. काम अर्धवट होतं, कमिट केलेलं नव्हतं.

तेवढ्यात आबासाहेब आले. पासष्टीचा माणूस, अंगानं उंच, बोलणं कमी. डबा टॉवेलात गुंडाळून आणलेला. त्यांनी फोनचा नंबर बदलला होता आणि डबा जुन्याच नंबराचं ऐकत होता.

"नंबर तेवढा घालून द्या," ते म्हणाले. "बाहेर जीप उभी हाय. ती गेली तर मला यष्टीनं जावं लागंल."

"बसा आबा, पंधरा मिनिटं."

रतननं वरकुट्याची ब्रँच घेतली. नवा नंबर घातला, कमिट केलं, डब्यात प्रोग्राम चढवला. वीज न जोडता, डबा लॅपटॉपच्याच तारेवर ठेवून आबासाहेबांच्या फोनवरून त्याला फोन लावून पाहिला. आवाज झाला, हिरवा दिवा लागला. डबा टॉवेलात गेला, आबासाहेब जीपमध्ये गेले. रतननं परत पणदऱ्याची ब्रँच घेतली आणि सोडलेलं काम हातात धरलं. मंगळवारी ते पुरं झालं, तात्पुरती ओळ काढली, कमिट केलं.

बुधवारी दुपारी साडेबाराला फोन आला.

"रतनताई, डाळिंबात पाणी हाय."

आबासाहेबांचा आवाज चढलेला नव्हता. तरी रतनच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला गेला. डाळिंब ताणावर होतं. डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी महिना-दीड महिना पाणी तोडतात. झाड सुकतं, पानं पिवळी पडून गळतात. मग ठरल्या दिवशी पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून येतं. मध्येच पाणी मिळालं तर फुलांऐवजी पालवी फुटते आणि हंगाम हातचा जातो. आबासाहेबांनी नोव्हेंबरच्या मध्याला पाणी तोडलं होतं. ताणाचं कुलूप म्हणून रतननं त्यांच्या प्रोग्राममध्ये मुद्दाम वेगळी सोय केली होती: कुलूप लागलेलं असताना चाऱ्याचा व्हॉल्व्ह उघडेल, डाळिंबाचा काही केल्या उघडणार नाही.

दत्तोबाच्या मोटरसायकलवरून दोघं वरकुट्याला गेले. आबासाहेब बांधावर उभे होते. अर्ध्या बागेत दर झाडाच्या बुडाशी ओल्या मातीची थाळीएवढी काळी वर्तुळं उठली होती. उरलेली अर्धी बाग कोरडी होती. तिकडचा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह आबासाहेबांनी आधीच बंद करून ठेवला होता, म्हणून ती वाचली.

"काल सांजच्याला डबा बसवला. आज सकाळी मी इंदापूरला गेलो व्हतो," ते म्हणाले. "नवाला वीज आली. बाराला घरी आलो तर हे. मी फोन लावला न्हाय, बटण दाबलं न्हाय."

"तुमी काय केलं न्हाय आबा," रतन म्हणाली. "डब्यानंच केलं."

"का?"

रतननं वाकून एका काळ्या वर्तुळातली माती चिमटीत घेतली. "आत्ता मला सांगता येत न्हाय. पर शोधून सांगीन. डबा घेऊन जाते. तवर मोटर हातानं चालवा."

आबासाहेबांनी मान हलवली. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी उलट चहा विचारला.

परत येताना भिगवणच्या पुढं दत्तोबा म्हणाला, "घाईत पणदऱ्याचाच प्रोग्राम चढवला असशील."

"न्हाय. आबांचा नवा नंबर त्यात हाय. पणदऱ्याच्यात तो कसा असंल?"

"मग?"

"मग काय, तेच तर."

दुकानात येऊन तिनं डबा टेबलावर जोडला. वीज दिली. पापणी लवायच्या आत सगळे व्हॉल्व्हचे दिवे लागले. ही तर तिचीच तात्पुरती ओळ. कुलूपबिलूप बघू नको. पण ती तर पणदऱ्याचं काम करताना लिहिलेली होती.

तिनं भांडार उघडलं. वरकुट्याच्या ब्रँचमध्ये सोमवारची नोंद होती: नवा नंबर, बाकी काही नाही. ती ओळ तिथं नव्हती. पणदऱ्याच्या ब्रँचमध्ये पाहिलं. तिथंही नव्हती; मंगळवारी काढूनच तर कमिट केलं होतं. खोडात नव्हती. सगळ्या नोंदी एकेक करून उलट्या चाळल्या. ती ओळ भांडारात कधी गेलीच नव्हती. आणि डब्यात मात्र होती.

आबासाहेबांच्या बागेचं दुःख होतंच, पण आता त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी जागं झालं. जी ओळ कुठंच नाही ती डब्यात गेली कशी? पंधरा वर्षं वेढे मोजलेल्या बाईला एक वेढा जास्त निघाला की चैन पडत नाही.

ती लॅपटॉप कधी बंद करत नसे, नुसता मिटून ठेवायची. ज्या काळ्या खिडकीत ती हुकूम लिहायची, त्या खिडकीत सोमवारचे हुकूम अजून होते. ती वर वर सरकत गेली. सापडलं. वरकुट्याची ब्रँच घ्यायचा तिचा हुकूम. त्याच्याखाली गिटनं एक ओळ लिहिली होती: इंग्रजी 'एम' अक्षर आणि पुढं एका फाइलचं नाव. त्याखाली, ब्रँच बदलली.

हा 'एम' तिनं वर्षभरात कितीतरी वेळा पाहिला होता. गिटची काहीतरी बोलायची पद्धत असेल, म्हणून सोडून दिला होता. आता तिनं पुढचं फाइलचं नाव वाचलं. तिनं तात्पुरती ओळ घातली होती ती हीच फाइल.

"सांगितलं व्हतं की ह्यानं," ती स्वतःशीच म्हणाली.

पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना. तिनं नवं रिकामं फोल्डर केलं, त्यात एकच फाइल आणि तीत एकच ओळ: 'मोटर बंद'. दोन ब्रँच केल्या, एकीचं नाव ऊस, दुसरीचं डाळिंब. उसाच्या ब्रँचमध्ये फाइलीत दुसरी ओळ लिहिली, 'मोटर चालू', आणि कमिट न करता डाळिंबाच्या ब्रँचमध्ये गेली. गिटनं तक्रार केली नाही. तो 'एम' लिहिला आणि तिला जाऊ दिलं. तिनं फाइल उघडली. 'मोटर चालू' तिच्याबरोबर चालत आलेलं होतं.

दत्तोबा मागून बघत होता. "बेरड हाय की हे. अडवत कसं न्हाय?"

"थांबा. अडवतं का बघू."

ह्या वेळी तिनं डाळिंबाच्या ब्रँचमध्ये त्याच फाइलीत वेगळी ओळ लिहून कमिट केली, म्हणजे फाइल दोन्हीकडं सारखी राहिली नाही. मग उसात परत जाऊन अर्धवट काम केलं आणि डाळिंबात जायचा हुकूम दिला. गिट अडलं. तुझं काम पुसलं जाईल, आधी त्याची नोंद कर किंवा ते बाजूला ठेव, असं साफ म्हणालं.

रतननं ते तीन वेळा करून पाहिलं. तिन्ही वेळा तसंच. मग चष्मा काढून पुसत ती दत्तोबाला म्हणाली, "समजलं. अर्धवट काम कुठल्याच फांदीचं नसतं. ते नुसतं टेबलावर पडलेलं असतं. फाइल दोन्ही फांद्यांत सारखी असंल तर गिट म्हनतं, राहू दे टेबलावर, कुनाचं काय बिघडतंय. फाइल वेगळी असंल तरच अडवतं. माझी ती फाइल सगळ्यांची एकच हाय. म्हून अडवलं न्हाय."

"आन् वरकुट्याची नोंद केली तवा?"

"तवा मी नंबराची फाइल तेवढी नोंदली. ही न्हाय नोंदली. पर डब्यात प्रोग्राम भांडारातनं जात न्हाय. टेबलावर हाय ते जातं."

दत्तोबानं आयुष्यात कधी गिट वापरलं नव्हतं, पण टेबल त्याला समजत होतं. "मग दोन टेबलं कर की," तो म्हणाला आणि तार उपसायला गेला.

संध्याकाळी रतननं निकिताला फोन लावला आणि सगळं सांगितलं. निकिता म्हणाली, "आत्या, चूक माझीपण आहे. 'एम' म्हणजे मॉडिफाइड, बदललेली फाइल. मी तुला सांगायला हवं होतं."

"ते राहू दे. मला सांग, अर्धवट काम हाय तितंच ठेवून दुसऱ्या फांदीवर जायचं असंल तर काय करायचं?"

"स्टॅश करायचं. म्हणजे काम गुंडाळून फळीवर ठेवायचं, परत आलीस की उतरवायचं."

"आन् गुंडाळून ठेवायलाच इसरले तर? सोमवारी मी तेच इसरले की. नोंदायचं इसरणारी बाई गुंडाळायचं बी इसरंल. हे म्हनतात, दोन टेबलं करा. हुतात का?"

पलीकडं निकिता हसली. "काका म्हणाले? होतात. वर्कट्री म्हणतात त्याला. मी स्वतः फार वापरलं नाहीये, पण आहे. भांडार एकच राहतं, फोल्डर दोन होतात. एका फोल्डरात एक ब्रँच कायम उघडी, दुसऱ्यात दुसरी."

"म्हंजे परत 'हाच खरा' आन् 'नवीन दोन'?"

"नाही आत्या. त्या नकला होत्या, त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. हे एकाच भांडाराचे दोन दरवाजे आहेत. तू करून बघ, तुझं तुलाच कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून देवाला उदबत्ती लावली आणि रतन बसली. एका ओळीचा हुकूम होता. तिनं तो लिहिला आणि शेजारी 'वरकुटे' नावाचं फोल्डर उभं राहिलं, आत वरकुट्याच्या सगळ्या फाइली. जुन्या फोल्डरात पणदरे जसंच्या तसं. तिनं पणदऱ्यात एक ओळ अर्धवट लिहून ठेवली आणि वरकुट्याच्या फोल्डरात जाऊन पाहिलं. काही नाही. स्वच्छ.

दुसरी कुणी असती तर इथं उठली असती. रतननं दोन्ही फोल्डरांतल्या लपलेल्या फाइली उघड्या केल्या. पहिल्या फोल्डरात 'डॉट गिट' नावाचं मोठं फोल्डर होतं. भांडार म्हणतात ते हेच. नव्या फोल्डरातही 'डॉट गिट' होतं, पण ते फोल्डर नव्हतं. ती फाइल होती, एवढीशी. तिनं ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली. आत एकच ओळ होती, आणि ती ओळ म्हणजे नुसता पत्ता: भांडार तिकडं आहे, पहिल्या फोल्डरात, आत ह्या कप्प्यात बघ.

ती त्या पत्त्यावर गेली. खरंच तिथं 'वरकुटे' नावाचा छोटा कप्पा तयार झालेला होता. त्यात आणखी काही बारीक फाइली. एकीत लिहिलं होतं की ह्या टेबलावर सध्या कुठली ब्रँच उघडी आहे, एकीत परतीचा पत्ता. टेबलाला भांडार माहीत, भांडाराला टेबल माहीत. आणि प्रोग्रामच्या नोंदी? त्या एकाच जागी, दोघांच्या मिळून. वरकुट्याच्या फोल्डरात तिनं एक कमिट केलं, आणि पणदऱ्याच्या फोल्डरातून सगळ्या नोंदींची यादी मागवली, तर ते कमिट तिथं आधीच हजर. पाठवावं लागलं नाही, आणावं लागलं नाही.

"अवो, हितं या," तिनं हाक मारली. दत्तोबा आला. तिनं ती एका ओळीची फाइल दाखवली. "एवढ्यावर सगळं उभं हाय."

दत्तोबा वाकून बघत म्हणाला, "ही पुसली तर?"

तिलाही तेच करावंसं वाटत होतं. पण खऱ्या कामावर नको. ती ऊस-डाळिंबाच्या खेळातल्या फोल्डरात गेली. तिथं दुसरं टेबल मांडून ती फाइल पुसली. त्या फोल्डरातलं गिट एकदम परकं झालं, हे भांडारच नाही म्हणालं. पत्ता परत लिहिला, ओळख पटली. मग तिला आणखी एक सुचलं. दोन्ही टेबलांवर एकच ब्रँच घेतली तर? हुकूम दिला. गिटनं नकार दिला: ही ब्रँच पलीकडच्या फोल्डरात उघडी आहे.

का? दोन माणसं एकच वही वाचू शकतात. इथं काय अडचण? नकाराच्या पुढंही जायची सोय होती, जबरदस्तीचा एक शब्द जोडायचा. तिनं तो जोडला. आता दोन्ही फोल्डरांत डाळिंबच उघडं. पहिल्या फोल्डरात तिनं एक ओळ वाढवून कमिट केली. मग दुसऱ्या फोल्डरात जाऊन विचारलं, इथं काय बदललंय? गिट म्हणालं, तू एक ओळ काढून टाकली आहेस.

रतननं हात वर उचलले. "मी हितं हातबी लावला न्हाय." आणि मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. ब्रँच पुढं सरकली होती, पण दुसरं टेबल जागच्या जागी होतं. त्या टेबलावर नवी ओळ नाही, म्हणून गिटला वाटलं, ती ह्या बाईनंच काढली. ती बेसावधपणे तिथून कमिट करती तर खरंच नवं काम पुसलं गेलं असतं, आणि दोष कुणाचा ते कधी कळलं नसतं. म्हणून ते एक ब्रँच एकाच टेबलावर देतं. नकार का दिला ते समजल्यावर तिला तो नकार आवडला.

ह्या सगळ्यात गिऱ्हाइकं तीनदा येऊन गेली. एकाला दत्तोबानं परस्पर सांगितलं, "बाई कामात हाय, उद्या या."

रविवारी ती वरकुट्याला गेली. डब्यात वरकुट्याच्या फोल्डरातला प्रोग्राम चढवलेला होता, आणि ह्या वेळी वीज देऊन, काढून, पुन्हा देऊन वीसदा तपासलेला. लॅपटॉपही बरोबर घेतला होता. आबासाहेबांच्या पडवीत बाजेवर तो उघडून तिनं त्यांना सोमवारपासूनचं सगळं सांगितलं. आपली चूक कुठं झाली तेही लपवलं नाही. गिटनं 'एम' लिहून सांगितलं होतं आणि आपण वाचलं नाही, हे सांगताना तिचा आवाज जरा बारीक झाला.

तिचं संपल्यावर आबासाहेब म्हणाले, "म्हंजे पणदऱ्याचं काम टेबलावर व्हतं, आन् त्याच टेबलावर माझा डबा ठिवला."

"व्हय आबा."

"आता माझं टेबल निराळं."

"निराळं. पणदऱ्याचं काय बी अर्धं पडलेलं असू दे, तुमच्या फोल्डरात ते येणार न्हाय."

त्यांनी लॅपटॉपकडं बोट केलं. "आन् ही दोन्ही फोल्डर एकाच भांडारातली, तर समजा सगळ्यांना लागणारी काय दुरुस्ती पणदऱ्यात केली, ती मला घावणार का न्हाय? का मी एकटा पडलो?"

असा प्रश्न निकितानंही विचारला नव्हता. "घावणार," रतन म्हणाली. "मी ती उचलून तुमच्यात घेतली तर. आपली आपण न्हाय येणार, घेतली तरच येणार. थांबा, दावते." बापूसाहेबांची दहा मिनिटं थांबायची दुरुस्ती आबासाहेबांच्या मोटरीलाही उपयोगाची होती. तिनं पणदऱ्यातलं ते एकच कमिट उचलून वरकुट्यात घेतलं. आबासाहेबांनी चष्मा चढवून दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी पाहिल्या, ओळीला ओळ लावून. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, पण इकडची ओळ तिकडं तशीच आली हे दिसत होतं.

मग डबा बसवला आणि विजेची वाट बघत दोघं बांधावर बसले. दुपारी दोनला वीज आली. दहा मिनिटं काही झालं नाही. मग मोटर घरघरली, चाऱ्याच्या बाजूला नळ्या फुगल्या, डाळिंबाच्या बाजूला काही हाललं नाही. आबासाहेब उठून तिकडच्या नळीवर पाय ठेवून आले. मऊ होती, रिकामी.

ओल्या बाजूच्या झाडांना तोवर बारीक लालसर पालवी दिसायला लागली होती. रतननं एक डहाळी खाली वाकवून पाहिली. "आबा, एक इचारू? तहान लागली की झाड फुलतं, हे झाडाला कसं कळतं?"

"माझ्या बापाला ठाव न्हाय आन् मला बी ठाव न्हाय," आबासाहेब म्हणाले. "कुनी म्हनतं मरायच्या भीतीनं बी धरतं. पर ते आपलं मानसाचं बोलनं झालं. झाडाला कुनी इचारलंय?"

ती पुढं बराच वेळ त्या डहाळीचे डोळे बघत राहिली. पालवीचा डोळा कुठला आणि कळीचा कुठला हे आबासाहेबांनी तिला दाखवलं. कळीचा जरा गोल असतो.

जानेवारीच्या सुरुवातीला आबासाहेबांनी कोरड्या बाजूला पाणी सोडलं आणि ती बाजू ठरल्याप्रमाणं फुलली. ओल्या बाजूचा बहार त्यांनी सोडून दिला. तिथं पालवी वाढू दिली, शेणखत घातलं आणि ठरवलं की ह्या झाडांना उन्हाळ्यात ताण देऊन मृग बहार, म्हणजे पावसाच्या तोंडी येणारा बहार, धरायचा. म्हणजे आता एकाच बागेत दोन पंचांगं झाली. एक बाजू फळं पोसत असताना दुसरी तहानेली ठेवायची. त्यांचा एका कुलपाचा प्रोग्राम आता पुरा पडणार नव्हता.

मार्चमध्ये ते स्वतः दुकानात आले. दत्तोबानं अंगठा मागं केला. रतननं त्यांचं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप ओढला. कोरड्या बाजूचा चालू प्रोग्राम तिला धक्का न लावता तसाच ठेवायचा होता, आणि दोन कुलपांचा नवा शेजारी मांडून सावकाश तपासायचा होता. वरकुट्याच्या ब्रँचमधून तिनं आणखी एक ब्रँच काढायला घेतली, तिच्यासाठी तिसरं फोल्डर.

"नाव काय देऊ आबा?"

आबासाहेबांनी टोपी सारखी केली. "ओली बाजू म्हना. आमी घरात आता तिला तेच म्हनतो."

तिनं तसं लिहिलं, हुकूम दिला, आणि फोल्डर उघडायच्या आधी गिटनं हुकमाखाली काय लिहिलंय ते वाचलं.